उचल घेण्यापूर्वीं दिवस मोजावे

(कुटुंबाविषयीं पाठ : ऊंसतोडीस जाणाऱ्या घरांसाठीं)

वाचकहो, मृगाची पेरणी होऊन आषाढ लागला म्हणजे बालाघाटाच्या डोंगरपट्टींतील गांवांत मुकादमाचें येणेंजाणें सुरू होतें. बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डी ह्या तालुक्यांत ज्या घरांस पावसावर पिकणाऱ्या दोनचार एकरांपलीकडे आधार नाहीं, त्यांस ह्या दिवसांत पैशाची फार नड असते. बियाणें उसनें आणलेलें असतें, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च उभा राहतो, कोणाचें लग्न ठरलेलें असतें. अशा वेळीं मुकादम ओसरीवर बसून नोटा मोजून देतो, आणि दिवाळी झाल्यावर नवराबायकोनें ऊंस तोडावयास यावें असें ठरतें. ह्या आगाऊ रकमेस उचल म्हणतात, व कामास लागलेल्या एका जोडप्यास एक कोयता म्हणतात.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं स्वतः कोयता धरिला आहे. ज्यांनीं धरिला नाहीं त्यांच्या शेजारच्या दाराला तरी कार्तिकापासून चैत्रापर्यंत कुलूप असतें. म्हणून ह्या पाठांत ऊंसतोडीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कष्ट करून पोट भरणें हें मानाचें आहे, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर ह्याच कामानें पुष्कळ घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या. आमचें सांगणें एवढेंच कीं, घर व काम ह्यांचा मेळ ऊंसाच्या फडांत गेल्यावर घालूं म्हटल्यास तो बसत नाहीं. तो उचलीस हात लावण्यापूर्वीं, आपल्याच ओसरीवर घालावा लागतो. कसा घालावा तें आज पाहूं.

१. मोकळें दिसणारें काम

पहिल्या दृष्टीस हें काम फार मोकळें वाटतें. येथें भोंगा नाहीं, महिन्याचा पगार कापणारा साहेब नाहीं. जितके टन तोडावे तितक्याचा पैसा. मूल तापलें तर घटकाभर बसावें, थकवा आला तर दुसरे दिवशीं जास्त तोडावें, असें नवख्यास वाटतें. अंगावर घेतलेल्या पुष्कळ कामांचें असेंच आहे. घरीं विड्या वळणारी, शिवणाचें काम आणून करणारी, शहरांत दुचाकीवरून सामान पोंचविणारा, ह्या सर्वांस 'तुझा वेळ तुझ्या हातीं' असेंच सांगितलेलें असतें.

फडांतील खरी स्थिति वेगळी आहे. पहाटे तीनचारला उठावें, भाकरी थापाव्या, अंधारांत फड गांठावा, ऊंस बुडाशीं तोडावा, पाचट काढावें, मोळ्या बांधाव्या आणि डोक्यावरून नेऊन वाहनांत भराव्या. वाहन दुपारीं येईल कीं मध्यरात्रीं, हें तोडणाऱ्याच्या हातीं नसतें; तें आलें म्हणजे निजलेलें मूल कोपींत ठेवून भरावयास जावें लागतें. तोडलेला ऊंस पडून राहिला तर वाळतो व वजनांत घटतो. कारखान्याचें गाळपहि थांबून चालत नाहीं. म्हणून सर्वांची घाई शेवटीं तोडणाऱ्याच्या अंगावर येते. त्यांत कित्येक टोळ्यांत एक दिवस कामावर न आल्यास खाडा म्हणून दंड लावितात. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, आणि वर दंड उचलींत चढतो.

मग ती मोकळीक कोठें गेली? ती उचलीबरोबर विकली गेली. ज्यानें शंभर दिवसांचा पैसा आषाढांत खर्चिला, त्याचे माघांतले दिवस त्याचे राहिले नाहींत. त्या दिवसांत बायको बाळंत होवो, आई अंथरूण धरो, मुलीची परीक्षा येवो, दिवस दुसऱ्याचा झालेला आहे. एवढी गोष्ट नीट समजली म्हणजे अर्धा पाठ झाला.

२. रुपये नव्हे, दिवस

एक घर डोळ्यांपुढें आणूं. घरांत नवरा, बायको, नवऱ्याची म्हातारी आई, पांचवींत शिकणारी मुलगी व तीन वर्षांचा मुलगा. बायको गरोदर असून बाळंतपण माघांत येणार. छपराचे पत्रे गंजून गळूं लागले आहेत. मुकादम एक लाख देऊं म्हणतो.

नवरा म्हणतो, "अगं, लाखांत पत्रे होतील, बियाण्याचें देणेंहि फिटेल. एवढा पैसा एकदम आपल्याला दुसरा कोण देणार?"

बायको म्हणते, "अहो, लाख म्हणजे किती दिवस, तें आधीं बघा. पोरीला वही घेऊन बसवा."

तिचें म्हणणें शहाणपणाचें आहे. पांचवींतल्या मुलीस हा हिशेब सहज येतो. २०२४ च्या जानेवारींत साखर कारखाने व तोडणी कामगारांच्या संघटना ह्यांच्यांत जो करार झाला, त्यानें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढला. टनास २७३ रुपये होता तो सुमारें ३६६ झाला. दर करारागणिक बदलतो, म्हणून ज्या वर्षीं जाल त्या वर्षींचा विचारून घ्यावा. मोजण्याची रीत तीच राहते. ह्या दरानें जोडप्यानें दिवसास दोन टन तोडले तर ७३२ रुपये पडतात. एक लाखास ७३२ नीं भागिलें तर १३७ दिवस होतात. दीडच टन पडला, आणि गरोदर बाईकडून तितकाहि होणें कठीण, तर दिवसास ५४९ रुपये व दिवस १८३. आतां नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून मार्चअखेरपर्यंत सारे मिळून दिवसच १५१ भरतात.

ह्याशिवाय खर्ची राहिली. कोपीवर असतां पीठमीठ, तेल, औषध ह्यांसाठीं मुकादमाकडून जो पैसा मिळतो तो फुकट नसतो. तोहि उचलींत मिळविला जातो. आठवड्यास एक हजार धरले तरी २१ आठवड्यांचे २१,००० रुपये. म्हणजे देणें १,२१,००० चें झालें. रोज दोन टन तोडूनहि तें फेडावयास १६६ दिवस पाहिजेत. आणि त्यांत एकहि दिवस ताप येतां कामा नये, एकहि दिवस पाऊस पडतां कामा नये, वाहनाची वाट पाहण्यांत एकहि दिवस जातां कामा नये.

मुलीनें हा आंकडा मोठ्यानें वाचला म्हणजे ओसरीवर थोडा वेळ कोणी बोलणार नाहीं. हंगाम १५१ दिवसांचा, देणें १६६ दिवसांचें. उरलेले दिवस पुढच्या वर्षावर जातात. पुढच्या वर्षीं त्यांच्यावर नवी उचल बसते. आणि एके वर्षीं बाप थकला म्हणजे तोच कोयता मुलाच्या हातीं येतो.

तर उचल किती घ्यावी? आमच्या मतें हिशेब असा धरावा. हंगामांतील १२० दिवसच कामाचे धरावे. दिवसास दीड टनच धरावा. येणाऱ्या रकमेंतून खर्ची वजा करावी. जें उरेल त्याहून अधिक उचल घेऊं नये. वरील दरानें १२० दिवसांचे १८० टन, त्यांचे ६५,८८० रुपये. त्यांतून खर्चीचे २१,००० वजा जातां ४४,८८० राहतात. एका कोयत्याची उचल ह्या मर्यादेच्या आंत असावी.

येथें कोणी म्हणेल कीं, अशानें कमाईच कमी झाली. तसें नाहीं. उचल लहान घेतली म्हणून टनाचा दर उतरत नाहीं. हंगाम चांगला लागून जोडप्यानें अधिक तोडलें, तर जास्तीचा पैसा परततांना हातांत येतो. फरक इतकाच कीं, मोठ्या उचलींत पैसा पुढें असतो व माणूस त्याच्या मागें धांवतो. लहान उचलींत काम पुढें होतें व पैसा मागून येतो.

३. घरचें देणें आधीं वजा करावें

१५१ मधून १२० वजा केले तेव्हां ३१ दिवस उरले. हे दिवस आळसाचे नव्हेत. ते घराचे आहेत. मुलास दवाखान्यांत नेण्याचा दिवस, गांवीं कोणी वारलें तर जाऊन येण्याचे दिवस, अंग मोडून आलें असतां पडून राहण्याचा दिवस, हे सर्व येणारच. ते आधींच बाजूला ठेविले म्हणजे आल्यावर दंड होऊन डोक्यावर बसत नाहींत. तरी कांहीं कर्तव्यें अशीं आहेत कीं त्यांस एकदोन दिवस पुरत नाहींत. त्यांचा विचार वेगळा केला पाहिजे.

पहिलें मुलांचें. जी मुलगी आज वहींत भागाकार करीत आहे, तिलाच कोपीवर नेऊन धाकट्यास सांभाळावयास बसविण्याचा बेत बहुधा घरांत असतो. एक हंगाम शाळा बुडाली कीं पुढच्या वर्षीं वर्गांत बसावयास ती लाजते. मग शाळा सुटते, आणि मोठी मुलगी कोपीवर ठेवणें जोखमीचें म्हणून लग्न उरकण्याची घाई होते. पुष्कळ बालविवाहांचें मूळ येथें आहे. ह्यावर उपाय आहेत. बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहांची सोय करण्यांत येते. त्यांत मूल आजीजवळ आपल्याच गांवीं राहून शाळेंत जातें व त्यास जेवण मिळतें. २०२१ सालीं शासनानें संत भगवानबाबांच्या नांवानें ऊंसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें उघडण्याचें ठरविलें. आपल्या तालुक्यांत ह्यांपैकीं काय चालूं आहे, तें मुख्याध्यापकांस आषाढांतच विचारावें; निघण्याच्या आदल्या दिवशीं विचारून उपयोग नाहीं. मूल बरोबर नेणें भागच पडलें, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास, तें वर्षाच्या मध्यें आलें तरी, जवळच्या शाळेंत घेतलेंच पाहिजे.

दुसरें गरोदर स्त्रीचें. बाळंतपण हंगामांत येत असेल तर तिला पूर्ण कोयत्यांत धरूंच नये. नवऱ्यानें भाऊ किंवा मेहुणा जोडीस घ्यावा व अर्ध्या कोयत्यापुरतीच उचल उचलावी. नवव्या महिन्यांत मोळी डोक्यावर घेऊन वाहनाच्या फळीवर चढणें म्हणजे दोन जिवांशीं खेळणें होय. जी स्त्री जाणारच असेल तिनें माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवावें. तपासणी व मुलांचें लसीकरण कोणत्याहि गांवच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत होतें.

तिसरी गोष्ट सांगतांना आम्हांस वाईट वाटतें, तरी ती सांगितली पाहिजे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हां शासनानें नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. त्या वेळीं पाहिलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कारणें एकाहून अधिक होतीं : कोपीवर पाणी व आडोसा नाहीं, त्यामुळें होणारे आजार, वेळेवर उपचार नाहींत, आणि कांहीं डॉक्टरांनीं दाखविलेली भीति. परंतु त्यांतलें एक कारण आजच्या पाठाचें आहे. मासिक पाळीच्या दिवसांत खाडा पडूं नये म्हणूनहि कित्येक जणी ह्या शस्त्रक्रियेस तयार झाल्या. एक दिवस विकलेला होता, तो परत घेतां येईना, म्हणून शरीराचा भाग देण्यांत आला. आपल्या घरांत कोणास अशी शस्त्रक्रिया सांगितली, तर सरकारी रुग्णालयांतील दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

४. करार करतांना बोलावयाच्या गोष्टी

मुकादमास शत्रु समजूं नये. तोहि बहुधा आपल्याच पट्टींतला असतो. कारखान्याचा किंवा वाहनवाल्याचा पैसा आपल्या जबाबदारीवर आणतो. आणि टोळी पैसे घेऊन पळाली तर त्याची जमीन जाते. म्हणून घेतलेलें काम पुरें करणें हें आपलें कर्तव्य आहेच. तरी कर्तव्य दोहों बाजूंनीं असतें. बोलणें करतांना एवढ्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

पहिली, बोलणीस नवराबायको दोघेंहि बसावीं. कोयता दोघांचा, तर उचल एकट्याच्या अंगठ्यावर कां? रकमेचा आंकडा बायकोसहि ठाऊक असलाच पाहिजे.

दुसरी, जें लिहिलें जाईल तें वाचून घ्यावें व त्याची प्रत घरीं ठेवावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधींहि देऊं नये.

तिसरी, आजारपण, बाळंतपण व घरांतील मृत्यु ह्या दिवसांस खाडा लागणार नाहीं, हें चार माणसांदेखत आधीं कबूल करून घ्यावें.

चौथी, रोजचा हिशेब आपण स्वतः लिहावा : तारीख, वाहन, कारखान्याच्या काट्यावर भरलेलें वजन, घेतलेली खर्ची. वाहनाची पावती रोज पाहावी. हंगामाच्या शेवटीं ही वही आपली साक्ष देते.

पांचवी, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणें कर्जापायीं कोणासहि डांबून ठेवणें किंवा जबरीनें राबविणें हा गुन्हा आहे. असा प्रसंग आल्यास तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी ह्यांजकडे जावें.

५. कोपीवर दोघांचें काम

येथवर मुकादमाशीं कसें वागावें तें सांगितलें. आतां घरांतल्या घरांत पाहूं. फडांत नवरा तोडतो व बायको मोळ्या बांधते, वाहते, मजुरी एकच. परंतु कोपीवर आल्यावर नवरा पाठ टेकतो, आणि बायकोचा दुसरा दिवस सुरू होतो : पाणी, सरपण, भाकरी, धुणें, लेंकरांचें. ती शेवटीं निजते व आधीं उठते. जो पुरुष म्हणतो कीं कामामुळें घराकडे पाहावयास सवड नाहीं, त्यानें आपल्या शेजारीं उभ्या असलेल्या बाईकडे पाहावें. तिनें तेंच काम करून घर सांभाळलें आहे. दोन घागरी पाणी आणणें, मुलास न्हाऊं घालणें, चूल पेटविणें, ह्यांत पुरुषाचा कांहींहि कमीपणा नाहीं. ह्या एका वांटणीस ना उचल लागते ना मुकादमाची परवानगी. ती आज रात्रींपासून करतां येते.

६. मागें राहणाऱ्यांचें कर्तव्य

गांवांत जे उरतात त्यांसहि ह्या पाठांत भाग आहे. मंडळींतील शिक्षकांनीं व वडीलधाऱ्यांनीं आषाढांतच घरोघर जाऊन हिशेबाची वही मांडून द्यावी. ज्यास वाचतां येत नाहीं त्याचा करार वाचून दाखवावा. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ह्यांच्या नांवें स्थापन झालेल्या कल्याण महामंडळाच्या कामासाठीं ऊंसतोड कामगारांची नोंद होऊन ग्रामपंचायतीमार्फत ओळखपत्र मिळतें; तें काढून देण्यास मदत करावी. मागें राहिलेल्या आजीला रेशन आणून देणें, मुलांस संध्याकाळीं दिव्याखालीं अभ्यासास बसविणें, आठवड्यांतून एकदां आईबापांशीं फोनवर बोलतें करणें, हीं कामें लहान खरीं. परंतु पांच महिने आईवांचून राहणाऱ्या मुलास तींच मोठीं असतात.

आतां त्या ओसरीवरच्या घराकडे पुन्हां जाऊं. समजा, त्यांनीं असें ठरविलें कीं, नवऱ्यानें धाकट्या भावास जोडीस घेऊन जावें. आपल्या वांट्याची उचल २२,००० च घ्यावी. तिच्यांतून बियाण्याचें देणें द्यावें व बाळंतपणासाठीं कांहीं ठेवावें. बायकोनें सासूपाशीं राहावें. मुलीनें शाळा सोडूं नये. पत्रे ह्या वर्षीं होणार नाहींत. पुढच्या पावसांतहि एका कोपऱ्यांत पातेलें ठेवावें लागेल. आम्ही हें लपवूं इच्छीत नाहीं; कमी उचलीची झळ घरास लागतेच, आणि कित्येक घरांची नड अशी असते कीं ४४,८८० नीं ती भागत नाहीं. अशा घरांनीं जास्त घेतली तर त्यांस नांवें ठेवूं नयेत. परंतु त्यांनींहि दिवस मोजून घ्यावी, म्हणजे आपण काय दिलें तें तरी त्यांस ठाऊक राहील. गळकें छप्पर दोन वर्षांनीं घालतां येतें; पांचवींतून सुटलेली शाळा दोन वर्षांनीं सहसा हातीं लागत नाहीं.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या घरीं गेल्या वर्षीं घेतलेली उचल किती दिवसांची होती? वही घेऊन मोजा.

२. येत्या हंगामांतील कोणते दिवस घराचे आहेत? त्यांची नांवें व महिने लिहा.

३. आपल्या तालुक्यांत हंगामी वसतिगृह कोठें आहे? ह्या आठवड्यांत कोण जाऊन विचारील?

४. उचलीची रक्कम ठरली तेव्हां घरची बाई बोलणीस होती काय? नसल्यास कां नव्हती?

५. आपल्या शेजारीं कुलूप लागणाऱ्या घरांतील कोणतें मूल अथवा कोण वृद्ध मागें राहणार आहे, आणि त्याजकडे पाहण्याचें काम आपणांपैकीं कोण अंगावर घेतो?